टेकाळे कुटुंबाचं शिथिलीकरण

इंदरठाणच्या नगरपरिषदेत कुटुंबं शिथिल करून मिळतात. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या शेजारची खोली, दाराला हिरवा पडदा, आत एक संगणक आणि त्याच्यापुढे हर्षदा टेकाळे.

ज्या सॉफ्टवेअरवर हे काम चालतं ते मुळात स्फटिकांसाठी लिहिलेलं आहे. कुठला अणू कुठे बसलाय ते त्याला सांगायचं. मग ते अणूंच्या मधला इलेक्ट्रॉनांचा ढग कसा पसरेल ते क्वांटमच्या नियमांनी काढतं, त्या ढगावरून कुठल्या अणूवर किती बल येतंय ते काढतं, आणि प्रत्येकाला त्याच्या बलाच्या दिशेने जरासं सरकवतं. मग पुन्हा ढग, पुन्हा बल, पुन्हा सरकणं. शेवटी कुणी कुणाला ओढत नाही आणि कुणी कुणाला ढकलत नाही अशी वेळ येते. तेव्हा रचनेची ऊर्जा सगळ्यात कमी असते, रचना शिथिल झाली असं म्हणतात आणि सॉफ्टवेअर थांबतं. हर्षदाने एम.एस्सी.ला पुण्यात याच सॉफ्टवेअरवर सिलिकॉनचे पृष्ठभाग शिथिल केले होते. सिलिकॉनच्या जागी माणसं घातली तर फरक एवढाच पडतो, की माणसं तक्रारी करतात.

गणित चालू असताना माणसं आपोआप सरकतात. पाठीला कुणाचा तरी हात लागल्यासारखं वाटतं आणि पाऊल पुढे पडतं, बाकी त्रास काही नाही. म्हणून ज्या घराची पाळी असेल तिथे त्या दिवशी दारं सताड उघडी ठेवतात आणि गॅसवर दूध ठेवत नाहीत. स्वयंपाक करणारी बाई शेगडीपासून कुठवर जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा शेजारचे खिचडी पाठवतात. सरकणाऱ्याला अडवत नाहीत.

अडवायची गरजही नसते, कारण गावाबाहेर कुणी जाऊ शकत नाही. स्फटिकाला शेवट नसतो, त्यामुळे हे सॉफ्टवेअर एक पेटी घेतं आणि तिच्या चारी बाजूंना तीच पेटी पुन्हा पुन्हा ठेवलीये असं धरतं. इंदरठाणची पेटी पूर्वेला दूध डेअरीपाशी संपते आणि पश्चिमेला पुलापाशी. पाळीच्या दिवशी डेअरीच्या पुढे गेलेला माणूस पुलावरून गावात येतो. दोन्हीकडे नगरपरिषदेने एकेक बाक आणि पाण्याचा माठ ठेवला आहे.

राहिली ज्येष्ठांची बाब. स्फटिकाच्या कामात सगळ्यात खालचे थर हलू द्यायचे नसतात, ते स्थिर धरायचे आणि वरच्या थरांना सरकू द्यायचं. खाली सगळा डोंगरच आहे असं मानायचं. हा नियम नगरपरिषदेला फार आवडला. एरवी गटारांच्या प्रश्नावरून खुर्च्या फेकणाऱ्या सभागृहाने एकमताने ठराव केला, की साठी उलटलेलं प्रत्येक माणूस स्थिर धरण्यात यावं. तेव्हापासून पाळीच्या सकाळी घरातल्या ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवतात आणि त्यांच्या नावापुढे स्थिरची खूण करतात. मग उरलेलं घर त्यांच्याभोवती शिथिल होतं. मुलगे मागच्या खोलीत जातात, सुना गच्चीवर जातात. एका घरातला नातू सरकत सरकत बस स्टँडपर्यंत गेला, तेव्हा आजोबा खुर्चीतून म्हणाले, की त्याला बाहेरचं वारं लागलंच होतं.

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्यावरच्या बलाचा आकडा असतो. ज्येष्ठांच्या नावापुढे शून्य असतं. ते बघायला म्हातारी मंडळी खास हिरव्या पडद्याआड येत आणि मोबाइलवर फोटो काढून घेत. बघा, आपलं कुणाशी काही नाही, असं घरी दाखवायला बरं पडतं. खरं म्हणजे ज्याला हलवायचं नाही असं सांगितलंय त्याच्यावरचं बल सॉफ्टवेअर छापतच नाही, त्या जागी नुसतं शून्य टाकतं. हर्षदाने हे सुरुवातीला दोघातिघांना समजावलं. एकजण म्हणाले, "म्हणजे शून्यच ना?" मग तिने समजावणं सोडलं, आणि पुढे पुढे तीही त्या शून्याकडे इतरांसारखीच बघू लागली. फक्त इतरांना ते बघून समाधान वाटायचं, आणि हिची कानशिलं तापायची.

आपापलं मूलद्रव्य ठरवून घ्यायला कुटुंबाने आदल्या आठवड्यात यावं लागतं. घुगे मंडळी आली त्या दिवशी काकू आधी बसल्या आणि मग बोलल्या.

"मला सोनं लाव."

"काकू, सोनं सहसा कुणाशी बंध जोडत नाही."

"मग बरोबरच आहे."

"मी तुम्हाला कॅल्शियम देते."

"ते हाडांचं?"

"हो."

काकूंनी विचार केला. "आणि सुनेला काय दिलंस?"

"क्लोरीन."

"ते मात्र शोभतं," काकू म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. मागे काठीवर हनुवटी टेकून घुगे आजोबा बसले होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी असली यंत्रं नव्हती. आम्ही आपले आपणच शिथिल व्हायचो."

"तुम्ही नाही हो आजोबा," हर्षदा म्हणाली. "तुमच्या घरातले व्हायचे."

आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते हसले. हर्षदाबद्दल गावात असंच मत होतं, की पोरगी कामाची आहे पण जिभेला हाड नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्यांना तिच्या जिभेचा त्रास व्हायचा ते सगळे स्थिर होते.

तिच्या स्वतःच्या घरी तीन माणसं होती. नाना, म्हणजे तिचे वडील भुजंगराव टेकाळे, आयुष्यभर जकात नाक्यावर बसले. नाका बंद झाल्यावर कर विभागात बसले. आणि निवृत्त झाल्यावर ओसरीतल्या लोखंडी खाटेवर बसले. गयाआत्या, त्यांची विधवा बहीण, घर चालवायची. आणि हर्षदा. तिची खोली ओसरीला लागून होती. खाट आणि तिचं दार यांच्यात एक माणूस उभं राहील एवढीच जागा होती, आणि नाना व हर्षदा एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. हर्षदाची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना तिची आई गेली. आजार चार दिवसांचा. नानांनी ठरवलं, की पोरीला शेवटचा पेपर झाल्यावर सांगायचं, आणि नानांनी ठरवलं म्हटल्यावर सगळ्यांनी तोंड मिटलं. ती आली तेव्हा अस्थीसुद्धा राहिल्या नव्हत्या. दारात सगळे नातेवाईक बसलेले असताना तिने विचारलं, "तुम्हाला हा अधिकार कुणी दिला?" नाना म्हणाले, "परीक्षा महत्त्वाची होती." त्यावर ती जे बोलली ते बापाला कुणी बोलत नाही. नाना खाटेवर बसले ते बसले. पहिला वर्ग मिळाल्याचं त्यांना आत्याकडून कळलं.

त्यानंतर सगळं आत्यामार्फत चालायचं.

"गया, तिला विचार, लाइटबिल भरलं का."

"भरलं," हर्षदा दोन हातांवरून म्हणायची.

"भरलं म्हणते," आत्या सांगायची.

"बरं म्हणावं."

"बरं म्हणतोय गं."

हर्षदाला माफी वगैरे नको होती. मोठ्या माणसांच्या माफीत नेहमी एक 'पण' असतो आणि त्या 'पण'च्या पुढे व्याख्यान असतं, हे ती जाणून होती. नानांनी तिच्याकडे तोंड करून, मध्ये आत्या न घेता, एक वाक्य बोलावं एवढीच तिची इच्छा होती. ते वाक्य लाइटबिलाबद्दल असतं तरी चाललं असतं. आई गेल्यापासून त्या घरात तिचं नाव घेऊन कुणी हाक मारली नव्हती. आत्या तिला पहिल्यापासून 'अगं'च म्हणायची.

टेकाळ्यांची पाळी आली तेव्हा ती मुख्याधिकारी बोर्डे साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझ्या वडिलांना स्थिर धरायचं नाही."

बोर्डे साहेबांनी चष्मा काढला. "ठराव आहे, टेकाळे."

"ज्येष्ठाने स्वतःच नको म्हटलं तर?"

"असं कुणी म्हणत नाही. शाल मिळते."

"पण म्हटलं तर?"

"अहो, सगळेच हलायला लागले तर कोण कुठून हललं ते कशावरून मोजणार?"

"आत्याला धरू ना. ती साठीच्या वर आहे. स्वभावाने तर फारच वर आहे."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांचं स्वतःचं घर मागच्या वर्षी शिथिल झालं होतं आणि तेव्हापासून ते केबिनमध्येच डबा खात. "वडिलांची संमती लागेल," ते म्हणाले. "तोंडी चालेल. पण त्यांनी स्वतः तुम्हाला दिलेली."

"आत्यामार्फत दिली तर?"

"आत्यामार्फत चालेल. आमच्याकडेही मेहुणीमार्फतच असतं."

त्याच दिवशी घरी तिने विषय काढला. नाना खाटेवर, ती दाराच्या चौकटीत, आत्या मध्ये लसूण सोलत बसलेली.

"आत्या, त्यांना विचार, स्थिर धरू का नको."

"का रे भुजंगा, स्थिर धरायचं का तुला? शाल आहे म्हणे."

जकात नाक्यावर गाड्या थांबवून ठेवायची सवय नानांच्या बोलण्यातही होती. मग म्हणाले, "नको म्हणावं."

आत्याचा हात थांबला. "नको?"

"फार बसलो मी. हलून बघतो म्हणावं."

"हलून बघतो म्हणतोय," आत्याने सांगितलं. तिने एवढ्या हळू आवाजात निरोप आजवर कधी दिला नव्हता.

हर्षदा खोलीत गेली आणि दार लावून पलंगावर बसली. हलून बघतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवलं तो आपण होऊन हलायला तयार झाला होता, आणि खाटेवरून हलायचं तर समोर तिचंच दार होतं. ती हिशेब करू लागली. दोन हात अंतर. तो एक हात सरकेल, आपण एक हात सरकू. मध्ये आत्याला जागाच राहणार नाही.

पाळीच्या सकाळी तिने ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला. आत्याला कॉपर दिलं, कारण तिने मागितलं. "तांब्याचा हंडा होता माझ्या आईकडे," ती म्हणाली. नानांना लोखंड. स्वतःला तिने लिथियम घेतलं, म्हणजे सगळ्या धातूंत हलकं आणि साध्या पाण्यावरही चिडणारं. नगरपरिषदेतून शाल आणि नारळ आला. आत्याला ओसरीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल टाकली, मांडीवर नारळ ठेवला. आत्याने आरशात बघून घेतलं.

"अगं, मी हलणार नाही ना नक्की?"

"नाही."

"खाजलं तर?"

"खाजव. खुर्ची सोडू नकोस."

शेजारच्या कुलथेंकडून खिचडी आली. दारं उघडी ठेवून झाली. हर्षदा आपल्या खोलीत टेबलाशी बसली, तिथून दारातून खाटेची एक बाजू आणि नानांचे गुडघे दिसत होते. तिने गणित सुरू केलं.

आधी ढग ठरायला लागला. घरातल्या माणसांत कुणाचं काय कुणाकडे अडकलंय ते या टप्प्यात निघतं, म्हणून त्याला वेळ लागतो. टेकाळ्यांच्या ढगाला घुग्यांच्या दुप्पट वेळ लागला. मग बलं छापून आली. आत्याच्या नावापुढे शून्य. हर्षदाच्या नावापुढे एक मोठा आकडा, तो तिला अपेक्षितच होता. नानांच्या नावापुढे चांदण्या होत्या.

आकडा रकान्यात मावत नाही तेव्हा हे सॉफ्टवेअर आकड्याच्या जागी चांदण्या छापतं. तिने हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. पुण्यात असताना चुकून तिने सिलिकॉनचे दोन अणू एकाच जागी ठेवले होते आणि तिच्या सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून ते दाखवलं होतं. तिने नानांची जागा पुन्हा तपासली, मूलद्रव्य पुन्हा तपासलं. चूक नव्हती. ओसरीतल्या खाटेवर तो माणूस एवढी वर्षं ज्यात बसला होता ते रकान्यात मावत नव्हतं, आणि तो हलत नाही एवढ्यावरून सगळ्यांनी त्याच्यापुढे शून्य वाचलं होतं. तिनेही.

"अगं, उठला तो," आत्या ओसरीतून म्हणाली.

नाना उठले होते. त्यांचं एक पाऊल तिच्या दाराकडे पडलं. हर्षदाची खुर्चीही तिच्यासकट जरा पुढे सरकली. पुन्हा ढग, पुन्हा बल. दुसऱ्या पावलाला नाना तिच्या चौकटीत आले. एवढ्या जवळून तिने त्यांना किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं होतं, ते आत्याने लावलं असणार. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओठ उघडले. हर्षदा खुर्चीत ताठ झाली.

मग नाना मागे सरकले.

हे सॉफ्टवेअर दरवेळी एक पाऊल अंदाजाने टाकून बघतं. वाट बरोबर आहे का ते चाचपण्यापुरतंच ते पाऊल असतं. चुकलं तर ते मागे घेऊन खऱ्या दिशेने निघतं. हर्षदाला हे पाठ होतं, तिने परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती. सिलिकॉनचा अणू अंदाजाने जवळ आला आणि मागे फिरला म्हणून तिला कधी काही वाटलं नव्हतं.

नाना ओसरी उतरले. अंगणातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्यावर, आणि रस्त्याने पूर्वेकडे. चालायची त्यांची ढब मात्र कुणी ढकलत असल्यासारखी नव्हती. हर्षदाची खुर्ची उलट दिशेने, स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकत राहिली.

"कुठे निघाला गं हा?" आत्या म्हणाली.

"बघू."

"टोपी राहिली त्याची."

टेकाळ्यांचं घर डेअरीच्या अंगाला, त्यामुळे थोड्याच वेळात तिथून फोन आला. "नाना आलेले इथं. पाणी प्यायले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. गेले पुढं."

डेअरीच्या पुढे म्हणजे पूल. फोन ठेवला तोच पुलावरून आला. "आत आलेत. गावाकडे तोंड करून चाललेत, काळजी नको."

गावाकडे तोंड करून म्हणजे घराकडे तोंड करून. हर्षदा आता स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून होती आणि लॅपटॉप मांडीवर होता. तिच्या मनात आलं, की हा माणूस नाकासमोर बघून येणाऱ्यांतला नाही. मागच्या दाराने निघून सगळ्या गावाला वळसा घालून पुढच्या दाराने येईल, पण येईल. नानांच्या नावापुढच्या चांदण्या जाऊन आता आकडा आला होता आणि तो दर पावलाला उतरत होता. तिने आत्याला हाक मारून सांगितलं, "येतायत." आत्याने शाल नीट केली.

आकडा उतरत गेला. मग पावलं लहान होत गेली. मग बोटभर. मग नखभर. मग सॉफ्टवेअर थांबलं.

रचना शिथिल झाली, असं पडद्यावर आलं. तिघांच्याही नावापुढे शून्य होतं. शेवटी विचारणा होती: जतन करायचं, की पूर्ववत?

तिने नानांची जागा बघितली. बैलबाजाराचं मैदान. ते मैदान टेकाळ्यांच्या घरापासून डेअरीकडून गेलं तरी तेवढंच लांब आणि गावातून गेलं तरी तेवढंच लांब. पेटीत याहून लांबची जागाच नव्हती.

तिने लॅपटॉप पिशवीत टाकला, खिचडीचा डबा घेतला, टोपी घेतली आणि निघाली.

बाजाराचा दिवस नव्हता. मैदानात नुसते बैल बांधायचे खुंटे होते आणि पार पलीकडे कुणाचं तरी उपडं घमेलं होतं, त्यावर नाना बसले होते. हर्षदा मैदानाच्या कडेने आत शिरली. अर्ध्यावर आली तशी छातीवर कुणी तळहात ठेवल्यासारखं झालं. ती तरी चालत राहिली. तळहाताची मूठ झाली. समोर नानांनी घमेल्यावरून उठायची तयारी केलेली तिला दिसली, मागे सरकायला. तेव्हा ती थांबली, आणि एक पाऊल मागे आली. मूठ सुटली. नाना पुन्हा बसले.

"हर्षदा," नानांनी हाक मारली.

लांबून असल्यामुळे त्यांना ओरडावं लागलं. पण हाक तिलाच होती. मध्ये कुणी नव्हतं.

"काय नाना?"

"जेवलीस का?"

"नाही अजून. कुलथेंकडून खिचडी आलीये."

"त्यांच्यात मीठ कमी असतं."

"आहे कमी. मी चाखून बघितली."

नानांनी मान हलवली. त्यांचे खांदे खाली आले होते. तिने आजवर ते तसे पाहिले नव्हते, त्यामुळे आधी तिला वाटलं सदरा दुसरा आहे. मग ते म्हणाले, "पेपर कसे गेले?"

हर्षदाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बरे गेले," ती ओरडून म्हणाली. "शेवटचा जरा अवघड होता."

"वाटलंच मला."

"आईने विचारलं होतं का माझं?"

"विचारलं."

"मग?"

"पेपर चालू आहे म्हटलं." ते थांबले. "हळू बोला म्हणाली. पोरगी अभ्यास करतेय."

मैदानावरून एक कुत्रं गेलं. हर्षदाचा पाय नकळत पुढे पडला आणि छातीवर तो तळहात पुन्हा आला.

"तिथेच थांब," नाना म्हणाले. रागावून नाही.

"घरी येता का? पूर्ववत करता येतं. एक बटण आहे."

"खाटेवर?"

"खाटेवर."

नानांनी मैदान बघितलं, खुंटे बघितले, तिला बघितलं. "तुझ्याशी बोलता येत नाही गं तिथून," ते म्हणाले. "फार जवळ पडतं."

त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या आणि पुलाच्याही पलीकडे, जिथे पुन्हा इंदरठाण होतं, तिथे तिला एक मुलगी पाठमोरी उभी दिसली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, एका हातात डबा, दुसऱ्यात टोपी. तिच्याही पुढे लांबवर कुणीतरी घमेल्यावर बसलेलं होतं.

मोबाइल वाजला. बोर्डे साहेब होते.

"टेकाळे, झालं का?"

"झालं सर."

"ऊर्जा कमी झाली?"

"हो."

"बरीच?"

"खूपच."

"मग जतन करून टाका आणि या. मोहिते कुटुंब येऊन बसलंय, आजोबांना प्लॅटिनम हवंय."

तिने खुंट्याशी बसून लॅपटॉप मांडीवर घेतला. पूर्ववत केलं असतं तर खाट, दोन हातांचं अंतर, लसूण सोलणारी आत्या आणि चांदण्या, सगळं होतं तसं परत आलं असतं. तिने नानांकडे बघितलं. ते पाय पसरून बसले होते. ओसरीत त्यांनी पाय कधी पसरले नव्हते. पसरले असते तर तिच्या दाराला लागले असते.

तिने जतन केलं. डबा आणि टोपी तिथेच जमिनीवर ठेवून ती लांब झाली, तेव्हा नाना उठून आले आणि दोन्ही घेऊन गेले.

घरी आत्या नारळ मांडीवर घेऊन अजून खुर्चीतच होती. उठायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बोलला?"

"बोलले."

"काय म्हणाला?"

"जेवलीस का म्हणाले."

आत्या थोडा वेळ नारळाची शेंडी सोडवत बसली. "मला नाही कधी विचारलं त्यानं," ती म्हणाली.

हर्षदाने लॅपटॉप उघडला. आत्याच्या नावापुढे शून्य होतं आणि शून्याशेजारी स्थिरची खूण. ती काढून पुन्हा एकदा बल छापायला फारसा वेळ लागला नसता. तिचा हात त्या खुणेवर गेला.

"माझं नको बघूस गं," आत्या म्हणाली. "मला शाल आवडलीये."

हर्षदाने हात काढून घेतला.

आता ती ऑफिसला जायच्या आधी रोज मैदानावर जाते. नगरपरिषदेने नानांना एक बाक आणि माठ दिला आहे. बाजाराच्या दिवशी बैलवाले त्यांच्याभोवती जागा सोडून खुंटे ठोकतात. ती ठरलेल्या जागी डबा ठेवते, मागे होते, आणि दोघं ओरडून बोलतात. नाना तिला नावाने हाक मारतात. भाज्यांचे भाव, ऑफिस, मोहित्यांच्या आजोबांचं प्लॅटिनम, आई भरल्या वांग्यात काय घालायची. गावाला ते सगळं ऐकू जातं, पण गाव हिशेबात नसतं. नानांच्या पलीकडे लांबवर ती दुसरी मुलगीही डबा ठेवते, मागे होते आणि ओरडून बोलते. तिचा चेहरा हर्षदाने अजून पाहिलेला नाही. जतन केलेल्या रचनेला पेटी कायमची लागून असते, त्यामुळे दिसायचा संभवही नाही.

बोलून झालं की हर्षदा परत फिरते. तेव्हा समोर, घराच्याही पलीकडे, डेअरीच्या पुढे, नाना पाठमोरे बाकावर बसलेले असतात आणि टोपी झटकत असतात. त्यांना मागून हाक मारायची पद्धत नाही.